खेळाडूंना जगात वाटा देताना

तुम्ही एक प्रश्न म्हणून जे लिहिलंत त्यात तीन प्रश्न आहेत, म्हणून आधी ते सुटे करते. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक कॅरॅक्टर घेऊन गोष्ट घडवत खेळायचा खेळ. त्यातल्या तुमच्या कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या कथानकासाठी, दीड वर्ष खपून तुम्ही ६० पानांचं जग लिहिलंत आणि पाच प्लेअरपैकी एकानेही ते वाचलं नाही. मग 'वर्ल्डबिल्डिंग (खेळाचं जग रचणं) सगळ्यांनी मिळून करावं' असं कुठून तरी ऐकून तुम्ही त्यांना म्हणालात, 'हे गाव तुमचं, इथे काय काय आहे ते तुम्हीच ठरवा.' तर चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली आणि पाचव्याने एकट्याने सगळं गाव वसवून टाकलं. आता त्याच पाचव्याला आपलं कॅरॅक्टर बेपत्ता राजघराण्याचा वारस हवं आहे. दिलं तर तुमचं कथानक मोडतं, नाकारलं तर तो हिरमुसतो. मी १४ वर्षं जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी) म्हणून टेबल चालवतेय, त्यातली शेवटची ९ मराठीतून, आणि हे तिन्ही प्रसंग माझ्यावर येऊन गेलेत. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

६० पानं वाचली नाहीत याचं वाईट वाटणं साहजिक आहे. इतकं मनापासून केलेलं काम कोणी उघडूनही पाहू नये, हे लागतंच. पण प्लेअरच्या बाजूने बघा. ज्या गावात आपल्या कॅरॅक्टरची आजी राहते ते गाव तो दोन वर्षांनीही विसरत नाही. ज्या गावाचा इतिहास पान २७ वर आहे तिथून तो मुक्काम करून पुढे निघतो. वाटा द्यायचा तो यासाठी. तुमची मेहनत कमी व्हावी म्हणून वाटा देत असाल तर तसं होत नाही, उलट सेशनच्या, म्हणजे खेळायच्या बैठकीच्या, वेळचं काम वाढतं.

मात्र वाटा म्हणजे सगळंच नव्हे. माझ्या टेबलावर एक रेघ आखलेली आहे आणि ती पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना सांगते: तुमच्या कॅरॅक्टरला जे आधीपासून माहीत असायला हवं ते तुमचं, आणि जे त्याला अजून कळायचंय ते माझं. घर, गाव, गुरू, कोणाचं कर्ज आहे, देवाला काय वाहतात, लहानपणी कशाची भीती घालायचे, हे सगळं तुम्ही सांगायचं आणि मी ते खरं मानायचं. बंद दाराआड काय आहे, पुजारी खोटं का बोलतोय, खून कोणी केला, हे मी ठरवायचं आणि तुम्ही शोधायचं.

ही रेघ मला एका फसलेल्या सेशनने शिकवली. धान्याच्या कोठारात खून झाला होता, तीन सेशन पार्टी, म्हणजे प्लेअरच्या कॅरॅक्टरांची टोळी, माग काढत होती आणि शेवटी त्यांनी आतल्या खोलीचं दार फोडलं. त्या काळात मी प्रत्येक गोष्ट प्लेअरकडून घ्यायच्या भरात होते. त्या क्षणी मी दार फोडणाऱ्यालाच विचारलं, 'आत काय दिसतं तुला?' त्याने चांगलं उत्तर दिलं, सगळ्यांनी वाहवा केली. पण त्यानंतर कोणी काही शोधलं नाही. आपण शोधतोय ती गोष्ट कुठेच ठेवलेली नाही, ती आपल्याच डोक्यातून निघणार आहे, हे पाचही जणांना एकदम कळलं होतं. इंडी, म्हणजे स्वतंत्रपणे काढलेले छोटे गेम लिहिणाऱ्यांमध्ये एक तत्त्व बरंच रूढ आहे: कॅरॅक्टरपुढचं संकट आणि त्या संकटातली सुटका, दोन्ही एकाच माणसाने रचली तर खेळायला मजा येत नाही. मी ते वाचलेलं होतं. कळलं त्या दिवशी.

आता तुमची चौघं गप्प का बसली ते. 'इथे काय काय आहे ते ठरवा' हा परीक्षेतला प्रश्न आहे. एवढा मोठा प्रश्न अचानक पुढ्यात आला की माणूस चांगलं उत्तर शोधायला लागतो आणि चांगलं सुचेपर्यंत बोलत नाही. प्रश्न लहान हवा, एकाच कॅरॅक्टरला नाव घेऊन विचारलेला हवा, आणि त्यात अर्धी माहिती तुम्ही आधीच घातलेली हवी. उरलेली अर्धी एका दमात सांगता आली पाहिजे.

एक उदाहरण जसं घडलं तसं सांगते. आमचं एक कॅम्पेन खाडीकाठच्या मुलखात होतं. नकाशावर एका टिंबाशी मी एवढंच लिहिलं होतं: मिठागरं. येसू नावाचं कॅरॅक्टर खेळणारी मुलगी टेबलावर सगळ्यांत अबोल. दोन सेशनमध्ये तिने हल्ला कोणावर करायचा याशिवाय फारसं काही बोललं नव्हतं. मी तिला विचारलं, 'येसू, उधाणाच्या रात्री तुझ्या गावात कोण जागं असतं?'

तिने क्षणभर फासा बोटांत फिरवला. म्हणाली, 'घरटी एक माणूस. कंदील घेऊन बांधावर. पुनवेला आणि अवसेला भरती मोठी येते, बांधाला खांड पडली की खारं पाणी भाताच्या शेतात शिरतं, मग ते शेत गेलंच.' थोडं थांबून पुढे म्हणाली, 'आणि ज्या घरचा कंदील दिसला नाही त्या घराने दुसऱ्या दिवशी बांधावरच्या सगळ्यांना जेवायला घालायचं.'

तिचं आजोळ उरणकडचं. खाजण, बांध, उधाण हे शब्द ती लहानपणापासून ऐकत आलेली. कंदिलाची आणि जेवणाची प्रथा मात्र तिने तिथल्या तिथे रचली. मी वहीत तीनच शब्द लिहिले: घरटी एक कंदील.

चौथ्या सेशनला पार्टी रात्रीची त्या गावाजवळ पोचली. मी म्हटलं, 'पौर्णिमा आहे. लांबून बांधावर कंदिलांची ओळ दिसतेय. येसू, तुमच्या घराच्या जागी अंधार आहे.' ती खुर्चीतून उठून उभी राहिली. 'दादा कुठे आहे?' असं तिने मलाच विचारलं, येसूच्या आवाजात. दादा कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं, मला होतं. प्रथा तिची, अंधार माझा. त्या गावाचा दोन पानी इतिहास मी लिहून वाटला असता तर कंदील विझल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

यात एक गोष्ट सुटू देऊ नका. प्लेअरकडे मागून घेतलेली माहिती वापरावी लागते, आणि लवकर. मी स्वतःला चार सेशनची मुदत देते. प्लेअरने सांगितलेली गोष्ट तोवर परत टेबलावर आली नाही तर तो मनात समजतो की आपल्याला नुसतं बोलतं ठेवलं होतं, आणि पुढच्या प्रश्नाला 'काहीही चालेल' असं उत्तर येतं. 'काहीही चालेल' ऐकू आलं की मी वही उघडून बघते, या माणसाचं काय वापरायचं राहिलंय.

वही हवीच. अॅप वापरा, काहीही वापरा, पण प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणी सांगितली त्या कॅरॅक्टरचं नाव लिहा. दोन गोष्टी एकमेकींशी भांडल्या तर टेबलावर मोठ्याने बोलली गेलेली गोष्ट खरी, माझ्या कागदांत पडून असलेली अजून खरी झालेली नाही. हा नियम मी माझ्याविरुद्धही पाळते. तुमच्या ६० पानांचं उत्तर यातच आहे. त्यातल्या सत्ता कोणाकोणाच्या, प्रत्येकीला काय हवंय, काय लपवलेलं आहे, आणि पार्टी आलीच नसती तर पुढे काय घडलं असतं, एवढं वेगळं काढा. माझ्या अंदाजाने ते दहाएक पानांत बसेल. बाकीची गावं, सण, खानावळी, घराणी मोकळी सोडा. डंजन वर्ल्ड हा २०१२ चा गेम जीएमला नकाशे काढायला सांगतो आणि त्यांत रिकाम्या जागा ठेवायलाही सांगतो. त्या रिकाम्या जागा आळसातून आलेल्या नसतात, तिथे कोणीतरी राहायला यायचं असतं.

हे काही नवं खूळ आहे असं तुमच्या टेबलावर कोणी म्हणालं तर त्याला डंजन्स अँड ड्रॅगन्स या गेमच्या नियमपुस्तकातली स्पेलची (मंत्रांची) यादी दाखवा. ते १९७४ मध्ये छापून आलं. त्याच्या आधीपासून त्याचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स अमेरिकेतल्या लेक जिनिव्हात ग्रेहॉक हे जग चालवत होते. रॉब कुंट्झ तिथे प्लेअर म्हणून आले आणि पुढे त्याच जगाचे सह-डीएम (त्या गेममध्ये जीएमला डीएम म्हणतात) झाले. 'टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क'मधला टेन्सर हे गायगॅक्स यांचा मुलगा अर्नी याचं कॅरॅक्टर, अर्नेस्ट या नावाची इंग्रजी अक्षरं फिरवून केलेलं. त्याच यादीतला ड्रॉमिज म्हणजे जिम वॉर्ड हा प्लेअर, इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचा. खेळणाऱ्यांनी जगात ठेवलेल्या गोष्टी आज जगभरच्या टेबलांवर वापरात आहेत. १९८७ चा आर्स मॅजिका हा गेम तर जीएमची खुर्चीच आळीपाळीने फिरवायची सोय घेऊन आला. आणि कॅरॅक्टरना प्रश्न विचारत राहा, मिळालेल्या उत्तरांवर पुढचं रचा, ही पद्धत ठसवली ती विन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या गेमने. माझे सगळे प्रश्न त्या घराण्यातले आहेत.

पाचव्या प्लेअरबद्दल. तो वाईट नाही, तो तुमचा सर्वांत उत्साही माणूस आहे. त्याला गप्प करू नका, त्याच्या उत्तराचं दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात द्या. तो म्हणाला गावात पडका किल्ला आहे, तर लगेच शेजारच्या कॅरॅक्टरला विचारा, 'तू याच मुलखातला. किल्ल्याचे दगड घर बांधायला कोणी उचलून नेत नाही, का बरं?' त्याला आपला किल्ला मोठा झालेला दिसतो आणि शेजाऱ्याला सुरुवात आयती मिळते. शिवाय मी एव्हरी आल्डर यांच्या द क्वाएट इयर या २०१३ च्या नकाशा काढायच्या गेममधून एक शिस्त उचलली आहे. त्यात पत्त्यांच्या ५२ पानांनी वर्षाचे ५२ आठवडे मोजतात आणि चर्चा निघाली की प्रत्येकाने एकदाच, एक-दोन वाक्यांत बोलायचं असतं. सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीला, मी मोठा ड्रॉइंगचा कागद पसरते, पेन्सिल फिरते, ज्याच्या हातात पेन्सिल त्याने एकच गोष्ट काढायची आणि तिच्याबद्दल एकच वाक्य बोलायचं. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा भाग पाळायला जड जातो, पण अबोल माणसाला बोलायला जागा होते ती त्यामुळेच.

सेशन झिरोचीच दुसरी गोष्ट म्हणजे दोन रकान्यांची यादी. बेन रॉबिन्स यांच्या मायक्रोस्कोप (२०११) या जीएमविना खेळायच्या गेममध्ये इतिहास रचायच्या आधी सगळे मिळून ठरवतात: एका रकान्यात या जगात असू शकतं ते, दुसऱ्यात नसणार ते. कोणाला सहज वाटेल ते लिहायचं नाही. ज्याची कोणी अपेक्षा करणार नाही ते 'आहे'मध्ये, आणि ज्याची सगळे अपेक्षा करतील पण आपल्याला नकोय ते 'नाही'मध्ये. आमच्या खाडीच्या जगात 'नाही'मध्ये बंदुकीची दारू आणि भाकितं होती, 'आहे'मध्ये मेलेल्यांशी पत्रव्यवहार. त्या एका ओळीवर पुढे सात सेशन चालले. नावांचंही तेव्हाच ठरवून टाका. एकाने गावाला गमतीचं नाव दिलं की ते गाव दुःखाच्या प्रसंगाला निरुपयोगी होतं, म्हणून मी सुरुवातीलाच वीस-पंचवीस नावं फळ्यावर लिहून ठेवते आणि त्यातलं उचलायला सांगते.

भाषेबद्दल मला विशेष आस्थेने सांगायचंय. इंग्रजीतून टेबल चालवायचे तेव्हा याच प्रश्नांना टॅव्हर्न, ब्लॅकस्मिथ आणि कोपऱ्यातला टोपीवाला माणूस अशी उत्तरं यायची, कारण त्या भाषेतलं गाव आम्ही फक्त स्क्रीनवर पाहिलेलं. त्याच माणसांना मराठीतून विचारायला लागले तेव्हा पार आला, पाणवठा आला, सासुरवाशिणी बसून बोलतात तो घाट आला. 'तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, आणि शेजारच्या गावची माणसं त्याला का येत नाहीत?' हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न आहे. व्यापार, वैर, अंतर, सगळं एका उत्तरात हाताला लागतं.

पण आपल्या आठवणीतलं गाव आलं की त्याच्याबरोबर आणखीही काही येतं. कोणाची वस्ती कोणत्या टोकाला, कोणत्या विहिरीवर कोणी पाणी भरायचं नाही, कोणाच्या हातचं खायचं नाही. काल्पनिक जगातही प्लेअरच्या तोंडून हे नकळत निघतं, आणि टेबलावर बसलेल्या कोणासाठी तरी ती गोष्ट काल्पनिक नसते. एकदा माझ्या टेबलावर असं वाक्य आलं आणि मी ते वहीत उतरवून पुढे गेले. एक मुलगा त्या संध्याकाळी पुन्हा बोलला नाही. नंतर मी त्याच्याशी स्वतंत्र बोलले, माफी मागितली आणि ते वाक्य जगातून काढून टाकलं. तेव्हापासून रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये मांडलेल्या रेषा आणि पडदे मी प्रत्येक सेशन झिरोला ठरवते. रेषेपलीकडचं आपल्या जगात येणारच नाही, पडद्याआडचं घडतं पण त्याचं वर्णन होत नाही. जात आणि बाईवरचा अत्याचार या दोन्हींबद्दल मी स्वतःहून विचारते, कोणी बोलेल याची वाट बघत नाही. कोणाला हे विषय खेळात हवेच असतील, तर तेही सगळ्यांच्या संमतीने ठरतं. वाटा देताना ही जबाबदारी जीएमकडेच राहते.

तुम्ही छापील जगात, म्हणजे फरगॉटन रेल्म्ससारख्या ठिकाणी खेळत असाल तर फार काही बदलत नाही. नकाशाचा एक कोपरा निवडा, तिथे पुस्तक लागू नाही असं जाहीर करा आणि तो टेबलाला द्या.

नकार कसा द्यायचा हे विचारायचं तुम्ही टाळलंत, पण रोख तिथेच आहे. साधं 'हे आपल्या जगात नको' म्हणायला काही हरकत नाही, फक्त त्याआधी 'यातलं तुला नेमकं काय आवडतंय?' एवढं विचारा. आणि एक फरक शब्दांतच ठेवा. 'तुझ्या गावात काय आहे?' असं मी विचारलं तर उत्तर खरं. 'लोक काय म्हणतात?' असं विचारलं तर ते खोटंही निघू शकतं. हा फरक टेबलाला आधी सांगून ठेवा आणि पाळा. प्लेअरने खरं म्हणून सांगितलेली गोष्ट मागाहून अफवा ठरवली तर तो विश्वास परत मिळवायला फार वेळ लागतो.

म्हणजे आता वारस. रेघ लावून बघा. आईने मरताना काय सांगितलं, अंगठी कोणी दिली, हे कॅरॅक्टरला माहीत आहे, म्हणून ते त्याचं. तो खरंच त्या रक्ताचा आहे का, हे त्याला कळायचंय, म्हणून ते तुमचं. आणि खरं काय यापेक्षा लोक काय मानतात याने कथानक जास्त हलतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत कोकणात त्याच्यामागे फौज जमली होती. त्या फौजेतल्या माणसांपुरता तो भाऊच होता.

तुमचा प्लेअर खरा की तोतया हे तुम्ही या आठवड्यात ठरवा, चिठ्ठीवर लिहा आणि घडी घालून वहीच्या शेवटच्या पानात ठेवा. त्याला सांगू नका, त्याच्या आईचे शब्द मात्र त्यालाच लिहू द्या. मग पुढच्या सेशनला बाकीच्या चौघांकडे वळा आणि एकेकाला, कॅरॅक्टरचं नाव घेऊन विचारा: तुझ्या गावात त्या बेपत्ता राजघराण्याच्या नावाने अजून दिवा कोण लावतं, आणि तो विझावा म्हणून कोण टपून बसलंय?